सर्टिफिकेट नवं, तरी सर्व्हर जुनंच देतोय: एका लहान ऑफिसच्या सर्व्हरचा अनुभव

आयटीसाठी वेगळा माणूस नसलेल्या ऑफिसात सर्व्हर कुणा एकाच्या गळ्यात पडतो. आमच्याकडे तो माझ्या पडला. मी मूळची ऑर्डर आणि हिशेब बघणारी. सर्व्हर लावून देणाऱ्या व्हेंडरने काम सोडलं, पासवर्डची यादी माझ्याकडे आली आणि काही महिन्यांनी सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरीच आमची आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली. त्यातून सगळं सुरळीत होईपर्यंत जे जे लागलं ते क्रमाने लिहिते आहे. या विषयावरचं बरंचसं लिखाण "ही कमांड चालवा" इथे सुरू होऊन तिथेच संपतं, आणि खरी अडचण असते ती नेमकं कुठे काय अडलंय हे ओळखण्याची.

आधी रचना सांगते. भाड्याने घेतलेला एक लिनक्स सर्व्हर. त्यावर साइट दाखवणारा इंजिनएक्स हा प्रोग्राम, कंपनीची वेबसाइट आणि ग्राहकांचं ऑर्डर पोर्टल. त्याच मशीनवर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट, म्हणजे ऑफिसची मेल. शिवाय ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कवर एक छोटं मशीन, त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालतं.

सोमवारी सकाळी पहिला फोन ग्राहकाचा, दुसरा आमच्याच सेल्सच्या मुलाचा. "मॅडम, पोर्टल उघडलं की लाल स्क्रीन येतोय, साइट हॅक झाली का?" मी त्याला स्क्रीनवरचा लहान अक्षरांतला कोड वाचून दाखवायला सांगितला: एनईटी एरर सर्ट डेट इनव्हॅलिड. ही सवय आधी लावून घ्या. "साइट उघडत नाही" या एका वाक्यामागे चार-पाच वेगळे बिघाड असू शकतात आणि तो कोड त्यातला नेमका कोणता ते सांगतो. डेट इनव्हॅलिड म्हणजे मुदत, कॉमन नेम इनव्हॅलिड म्हणजे नाव जुळत नाही, ऑथॉरिटी इनव्हॅलिड म्हणजे देणाऱ्यावर विश्वास बसत नाही. तिन्हींची दुरुस्ती वेगळी.

पहिलं काम केलं ते सगळ्यांना मेसेज टाकण्याचं: मेल सॉफ्टवेअरने "या सर्टिफिकेटवर कायम विश्वास ठेवायचा का" असं विचारलं तर हो म्हणू नका. कामाच्या घाईत माणसं हो दाबून मोकळी होतात. एकदा ती सवय लागली की उद्या आपल्या आणि सर्व्हरच्या मध्ये कुणी खरंच बसलेलं असेल तरी पासवर्ड तसाच त्याच्या हातात जाणार. पोर्टलवर हा प्रश्न आलाच नाही, कारण तिथे एचएसटीएस लावलेलं होतं, म्हणजे "ही साइट फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडायची" अशी सर्व्हरने ब्राउझरला दिलेली सूचना. ते असलं की ब्राउझर "तरीही पुढे जा" हा पर्यायच देत नाही. त्या सकाळी ते गैरसोयीचं वाटलं, पण ते काढून टाकायचा विचार तुमच्याही मनात आला तर थांबा. ब्राउझरने ती सूचना मुदतीसह लक्षात ठेवलेली असते, बहुतेक ठिकाणी ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक वर्ष. सर्व्हरवरून ती सूचना काढल्याने ग्राहकाचा ब्राउझर ती विसरत नाही.

मग सर्व्हर प्रत्यक्षात काय देतोय ते पाहिलं. ओपनएसएसएलची एस-क्लायंट ही कमांड यासाठी आहे. तिला पत्ता, पोर्ट (मशीनवर त्या सेवेचा दार-क्रमांक) आणि सर्व्हरनेम या पर्यायात साइटचं नाव द्यायचं. नाव दिलं नाही तर एकाच मशीनवर दोन साइट असताना भलत्याच साइटचं सर्टिफिकेट समोर येऊ शकतं आणि तास वाया जातो. उत्तरात "नॉट आफ्टर"ची तारीख दिसते, ती जीएमटीमध्ये असते, त्यामुळे आपल्या घड्याळाशी जुळवून घ्यायची. शेवटी "व्हेरिफाय रिटर्न कोड" असतो. आमचा आला १०, म्हणजे मुदत संपलेली. पुढच्या दिवसांत मला २१ आणि ६२ हेही आकडे भेटले, ते ओघाने येतीलच.

एक बरं होतं. बाहेरून येणारी मेल थांबली नव्हती. एक मेल सर्व्हर दुसऱ्याला मेल देताना सहसा सर्टिफिकेट काटेकोर तपासत नाही, जमेल तेवढं एन्क्रिप्शन करून पुढे जातो. तक्रारी येत होत्या त्या लोकांच्या मेल सॉफ्टवेअरच्या. मालकांना हे सांगितल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला.

आता नूतनीकरण. जुनं सर्टिफिकेट पैसे देऊन एका रिसेलरकडून घेतलेलं आणि तिथलं खातं जुन्या व्हेंडरच्या ईमेलवर. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच पत्त्यावर जात राहिल्या असणार. खातं आमच्या नावावर करून घ्यायला अर्ज, लेटरहेडवर पत्र, जुन्या बिलाची प्रत असं सगळं मागितलं गेलं. ते पाठवलं, पण वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. आमच्या पत्त्यावर नवं खातं उघडून एका नावासाठीचं सर्वात साधं, फक्त डोमेनची मालकी तपासणारं सर्टिफिकेट विकत घेतलं. महागडं घ्यावं का, असं मालकांनी विचारलं. कंपनीची कागदपत्रं तपासून दिलेल्या सर्टिफिकेटने एन्क्रिप्शन अधिक मजबूत होत नाही. पूर्वी ब्राउझर सर्वात वरच्या प्रकारासाठी पट्टीत कंपनीचं नाव हिरव्या रंगात दाखवायचे, क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही ते २०१९ मध्ये काढून टाकलं. ग्राहकाला काही फरक दिसत नाही.

सर्टिफिकेट मागण्यासाठी सर्व्हरवर नवी प्रायव्हेट की आणि सीएसआर, म्हणजे सही मागणारा अर्ज, तयार करावा लागतो. रिसेलरकडे जातो तो फक्त सीएसआर. मधे तिथल्या सपोर्टकडून "की फाइलही पाठवा, आम्ही तपासतो" असा मेल आला. पाठवली नाही, तुम्हीही पाठवू नका. प्रायव्हेट की सर्व्हरच्या बाहेर जायचं काहीच कारण नसतं. कुणाला पाठवली गेली असेल तर ती बाद समजून नवी करायची आणि आधीचं सर्टिफिकेट रद्द करून घ्यायचं.

मालकीची खात्री ईमेलने करायची ठरली. त्यासाठी ठरलेले पाच पत्ते चालतात: ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, वेबमास्टर, होस्टमास्टर आणि पोस्टमास्टर, पुढे ॲट आणि आपलं डोमेन. मी पोस्टमास्टर निवडला आणि मेल काही येईना. लॉग उघडून पाहिला तर मेल पोहोचलेला होता, पण पोस्टमास्टरचा एलियस (मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवणारी नोंद) व्हेंडरच्या खाजगी पत्त्याकडे वळवलेला. एलियसची फाइल बदलली, बदल लागू करणारी न्यूएलियसेस ही कमांड चालवली, खात्रीचा मेल पुन्हा मागवला. दहा मिनिटांत सर्टिफिकेट हातात आलं. आजच तुमच्या डोमेनच्या या पाच पत्त्यांपैकी निदान एकावर स्वतःला मेल पाठवून बघा. मुदत संपलेल्या दिवशी हा शोध घ्यायला लागू नये.

झिप फाइलमध्ये दोन गोष्टी होत्या: आमचं सर्टिफिकेट आणि एक बंडल. इथे साखळीचा भाग समजून घ्यावा लागतो. ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टीम ओळखते ती मूळ संस्थेला, म्हणजे रूटला. रूट थेट आपल्या सर्टिफिकेटवर सही करत नाही, मधे इंटरमिजिएट असतं. सर्व्हरने आपलं सर्टिफिकेट आणि मधलं, दोन्ही पाठवायचं असतं, रूट पाठवायची गरज नसते. इंजिनएक्सला हे एकाच फाइलमध्ये लागतं, आधी आपलं आणि त्याखाली मधलं. क्रम उलटा झाला तर "की व्हॅल्यूज मिसमॅच" असा एरर येतो आणि माणूस की चुकली म्हणून शोधत बसतो.

आमचा क्रम बरोबर होता, तरी कॉन्फिग तपासताना "बॅड एंड लाइन" आलं. फाइल उघडून पाहिली. पहिल्या सर्टिफिकेटची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ एकाच ओळीत चिकटलेल्या होत्या: एंड सर्टिफिकेट, दहा डॅश, बिगिन सर्टिफिकेट. रिसेलरकडून आलेल्या फाइलच्या शेवटी नवी ओळच नव्हती, त्यामुळे दोन फाइली जोडल्यावर त्या एकमेकींना चिकटल्या. मधे एन्टर मारला आणि तपासणी पार पडली. इंजिनएक्स रीलोड करण्याआधी त्याची टी पर्यायाची तपासणी नेहमी चालवा. तपासणी पार होत नाही तोवर जुनं चालू राहतं, निदान साइट पूर्ण बंद पडत नाही.

पोर्टल सोमवारी संध्याकाळी उघडलं. मेलवरच्या तक्रारी मात्र बदलल्या, थांबल्या नाहीत. आता एरर नावाचा होता, रिटर्न कोड ६२. घेतलेलं सर्टिफिकेट पोर्टलच्या नावाचं आणि लोकांच्या मेल सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं नाव मेलचं. जुन्या सर्टिफिकेटवर दोन्ही नावं होती, ती "सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम" या रकान्यात असतात. तपासायचा असतो तो हाच रकाना. क्रोमने २०१७ मधल्या ५८व्या आवृत्तीपासून कॉमन नेम हा जुना रकाना बघणंच सोडलं, त्यामुळे तिथे नाव बरोबर दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. वाइल्डकार्ड (डोमेनच्या सगळ्या उपनामांसाठी एकच सर्टिफिकेट) घ्यायचा विचार असेल तर तो एकाच पातळीपुरता चालतो आणि नुसत्या डोमेनला लागू होत नाही, ते नाव वेगळं घालावं लागतं.

तात्पुरतं काम भागलं होतं, पण दर वेळी खरेदी, ईमेल, झिप आणि हाताने जोडणी हा प्रकार पुढे परवडणारा नाही हे दिसत होतं. प्रश्न पैशांचा कमी, मुदतींचा जास्त. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांवर आली. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या सीए-ब्राउझर फोरमने २०२५ मध्ये ती पायरीपायरीने उतरवायचं ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. पैसे भरा किंवा भरू नका, हे काम हाताने करणाऱ्याच्या मागे वर्षभर हेच लागणार. म्हणून लेट्स एन्क्रिप्ट (सर्टिफिकेट देणारी संस्था) आणि सर्टबॉट (तिच्याकडून ते आणणारा प्रोग्राम) लावायचं ठरवलं. सर्टिफिकेट मोफत आणि नूतनीकरण आपोआप.

सर्टबॉट बसवायला वेळ लागला नाही. सर्टिफिकेट मिळवायला लागला. एचटीटीपी-०१ या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर आपल्या साइटवर पोर्ट ८० वरून येऊन एक ठरावीक फाइल मागतात. आमच्या फायरवॉलवर पोर्ट ८० बंद होतं, सुरक्षेसाठी म्हणून. ते उघडलं आणि तिथून सगळं ४४३ कडे, म्हणजे सुरक्षित वेबच्या पोर्टकडे, वळवलं. लेट्स एन्क्रिप्टची तपासणी असं वळवणं मान्य करते. प्रयोग करताना मात्र खरी मागणी करू नका, ड्राय-रनचा पर्याय वापरा. एका नावासाठी एका खात्यावरून तासाला पाचच्या वर अपयशी तपासण्या झाल्या की तिकडून दार बंद होतं. अगदी त्याच नावांचं सर्टिफिकेट सात दिवसांत पाचपेक्षा जास्त वेळा मिळत नाही ही दुसरी मर्यादा. ड्राय-रन या मर्यादांपासून वेगळ्या चाचणी सर्व्हरवर चालतो.

ड्राय-रन दर वेळी ४०४, म्हणजे "फाइल सापडली नाही", देत होता. मी ऑफिसातून, घरातून, फोनच्या डेटावरून त्याच मार्गावर चाचणीची फाइल ठेवून उघडून पाहिली, सगळीकडे व्यवस्थित उघडत होती. उत्तर एररच्या मजकुरातच होतं. ४०४ च्या आधी एक पत्ता लिहिलेला होता, अपूर्णविरामांनी भरलेला, लांबलचक. तो आमच्या सर्व्हरचा नव्हता. डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावाला मशीनचा पत्ता जोडणाऱ्या नोंदींत, आमच्या नावासाठी आयपीव्ही-६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्याचा, एक एएएए रेकॉर्ड पडून होता, मागच्या होस्टिंगच्या मशीनचा. नवा सर्व्हर घेतला तेव्हा आयपीव्ही-४ चा रेकॉर्ड बदलला गेला, हा राहून गेला. लेट्स एन्क्रिप्ट दोन्ही पत्ते असतील तर आधी आयपीव्ही-६ कडे जातं. तिकडून काहीच उत्तर आलं नाही तर ते आयपीव्ही-४ वर वळतं, पण उत्तर आलं आणि ते ४०४ असलं तर तेच धरलं जातं. जुन्या होस्टिंगचं मशीन चालू होतं आणि इमानेइतबारे ४०४ देत होतं. मी ज्या ज्या जोडणीवरून पाहिलं तिथे आयपीव्ही-६ नव्हतं, म्हणून मला काही दिसलं नाही. काही ग्राहक पूर्वीपासून "कधी कधी साइट भलतीच उघडते" म्हणायचे, त्याचंही कारण त्या दिवशी सापडलं.

रेकॉर्ड काढायला डीएनएसच्या पॅनेलमध्ये शिरावं लागतं, आणि सगळ्यात मोठी वाट इथे बघावी लागली. डोमेन कंपनीच्या नावावर होतं, पण लॉगिनचा मोबाइल आणि ईमेल व्हेंडरचा, आणि ओटीपी त्यावर जाणार. मालकी कंपनीची आहे हे सिद्ध करायला नोंदणीचं प्रमाणपत्र, सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि लेटरहेडवरचं पत्र मागितलं गेलं. पहिला अर्ज परत आला, कारण डोमेनवर कंपनीचं जुनं नाव होतं आणि लेटरहेडवर नवं. मग नावबदलाचा कागद जोडला. आठवड्याचा बराचसा भाग त्यात गेला. दर वेळी सपोर्टला फोन केला की नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागायचं. तिकीट क्रमांक आणि कुठले कागद कधी पाठवले हे एका कागदावर लिहून ठेवल्यावर फोन निम्म्या वेळात संपायला लागले.

पॅनेल उघडल्यावर एएएए रेकॉर्ड काढला. तिथे आणखी एक गोष्ट दिसली: सीएए रेकॉर्ड. आमच्या डोमेनचं सर्टिफिकेट कोणती संस्था देऊ शकते ते त्यात लिहिलेलं असतं आणि सप्टेंबर २०१७ पासून प्रत्येक संस्थेला तो पाहणं बंधनकारक आहे. आमच्यात फक्त जुन्या संस्थेचं नाव होतं. लेट्स एन्क्रिप्टचंही घातलं नसतं तर ४०४ नंतर पुढचा नकार इथून आला असता. त्यानंतरचा ड्राय-रन पहिल्या फटक्यात पार पडला. खऱ्या सर्टिफिकेटमध्ये सगळी नावं एकत्र घेतली: डोमेन, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, पोर्टल आणि मेल.

इंजिनएक्सला फुलचेन नावाची फाइल दिली. तीत साखळी जोडलेलीच असते, चिकटवाचिकटवी संपली. ब्राउझर हिरवे, मालक खूश. दुसऱ्या दिवशी सेल्सच्या दोन फोनवर मेल येईना आणि रात्रीचा रिपोर्ट मेलने पाठवणारी स्क्रिप्ट बंद पडली. कॉम्प्युटरवरच्या मेलला मात्र काही नाही. मेलच्या ९९३ पोर्टवर एस-क्लायंट चालवलं: रिटर्न कोड २१, आणि वर साखळीच्या मथळ्याखाली एकच नोंद, शून्य क्रमांकाची. मधलं सर्टिफिकेट जातच नव्हतं. जुन्या रचनेत एक स्क्रिप्ट होती, ती फक्त आपलं सर्टिफिकेट मेलच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची. काही प्रोग्राम न मिळालेलं इंटरमिजिएट स्वतः जाऊन घेऊन येतात किंवा त्यांच्याकडे ते आधीच साठवलेलं असतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. कर्ल (स्क्रिप्टमध्ये वापरतात तो प्रोग्राम) आणि पुष्कळशी मेल ॲप तसं करत नाहीत. त्यामुळे "माझ्याकडे तर चालतंय" हा पुरावा धरू नका, साखळीखाली किती नोंदी आहेत ते मोजा. मी ती स्क्रिप्ट काढली आणि पोस्टफिक्स, डोव्हकॉट दोघांनाही थेट फुलचेनचा मार्ग दिला.

आतल्या मशीनची गोष्ट वेगळी. हिशेबाचं सॉफ्टवेअर डॉट लोकलने संपणाऱ्या नावावर चालायचं आणि व्हेंडरने स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट लावलं होतं. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर लाल स्क्रीन आणि "पुढे जा". सार्वजनिक संस्था अशा आतल्या नावांना सर्टिफिकेट देतच नाहीत, तो प्रकार २०१६ पर्यंत पूर्ण बंद झाला. उपाय सोपा निघाला. आपल्याच डोमेनचं एक उपनाम घ्यायचं, आतल्या डीएनएसमध्ये ते आतल्या आयपीकडे दाखवायचं, आणि सर्टिफिकेट डीएनएस-०१ पद्धतीने मिळवायचं. त्यात फाइलऐवजी डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड ठेवावा लागतो, म्हणून मशीन बाहेरून पोहोचण्याजोगं असायची गरज नाही, एकही पोर्ट उघडावं लागत नाही. तो रेकॉर्ड आपोआप टाकायला डीएनएस देणाऱ्याची एपीआय की (प्रोग्रामला आत शिरू देणारी किल्ली) लागते. शक्य असेल तर ती फक्त त्या कामापुरत्या अधिकाराची घ्या. नाव निवडताना एक काळजी: सार्वजनिक सर्टिफिकेटवरचं प्रत्येक नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या उघड्या नोंदींत जातं आणि कुणीही शोधू शकतो. मी उपनामात "अकाउंट्स" किंवा सॉफ्टवेअरचं नाव घातलं नाही.

गोदामातल्या मोबाइल स्कॅनरवर मात्र पोर्टल उघडेना. त्यात अँड्रॉइडची ७.१.१ च्या आधीची आवृत्ती आहे आणि लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स-१ त्या आवृत्त्यांना माहीतच नाही. काही वर्षं दुसऱ्या रूटच्या सहीमुळे ते चालायचं, ती सहीही सप्टेंबर २०२४ अखेर संपली. लेट्स एन्क्रिप्टवर राहून अशा उपकरणासाठी सर्व्हरच्या बाजूने काही करता येत नाही. फायरफॉक्स स्वतःची रूटची यादी सोबत ठेवतो, त्यामुळे तो बसवून तात्पुरतं निभावलं आणि नव्या स्कॅनरची मागणी कारणासह लेखी दिली. कागद स्कॅन करून मेल करणारं जुनं यंत्र तर एन्क्रिप्शनच्या टीएलएस १.० या जुन्या आवृत्तीच्या पुढे जाणत नाही. त्याच्यासाठी सगळ्या सर्व्हरवर जुनं टीएलएस परत चालू करा, असा सल्ला मिळाला होता. तो मानला नाही. आतल्या मशीनवर एक छोटा रिले ठेवला, जो फक्त त्या यंत्राच्या आयपीकडून मेल घेतो आणि पुढे नीट एन्क्रिप्शनने पाठवतो.

यानंतर दोन महिने शांततेत गेले. सर्टबॉट दिवसातून दोनदा तपासतो आणि ९० दिवसांच्या सर्टिफिकेटची मुदत ३० दिवसांवर आली की नवं घेतो. ते कॅलेंडरवर मांडून ठेवलं होतं, म्हणून त्या सकाळी मुद्दाम पाहिलं. फोल्डरमध्ये नवी फाइल, नवी तारीख. ४४३ वर नवी तारीख. ९९३ वर जुनी. मेल पाठवायच्या ५८७ ला स्टार्टटीएलएसचा (साध्या जोडणीवर नंतर एन्क्रिप्शन चालू करण्याचा) पर्याय देऊन पाहिलं, तिथे नवी. डोव्हकॉटने सुरू होताना वाचलेलं सर्टिफिकेट तो मेमरीतून देत बसला होता. डिस्कवर फाइल बदलली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणखी महिन्याने मुदत संपली असती आणि सगळ्यांच्या मेलवर पुन्हा तोच इशारा आला असता, तोही "रिन्यू तर झालंय" अशी सर्टबॉटची नोंद समोर असताना.

इतक्या सगळ्यातून माझं एकच ठाम मत झालं आहे: डिस्कवरच्या फाइलवर भरवसा ठेवू नका, पोर्टला विचारा. सर्टबॉटला डिप्लॉय हुक देता येतो. नवं सर्टिफिकेट मिळालं की तेव्हाच तो चालतो. त्यात इंजिनएक्स, पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट, तिघांचं रीलोड घातलं. रीलोडने चालू जोडण्या तुटत नाहीत, त्यामुळे दिवसाढवळ्या झालं तरी कुणाला कळत नाही. हुक लावल्यावर सक्तीने एकदा नूतनीकरण करून चारही पोर्ट तपासले: ४४३, ९९३, ४६५, ५८७. चारही ठिकाणी एकच तारीख.

शेवटचं काम देखरेखीचं. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपत आल्याचा ईमेल पाठवायचं, जून २०२५ पासून ते बंद आहे. म्हणून बाहेरच्या एका मशीनवर छोटी स्क्रिप्ट ठेवली. ती रोज प्रत्येक पोर्टला जाऊन तारीख विचारते आणि २१ दिवसांपेक्षा कमी उरले की मला आणि मालकांना, दोघांना कळवते. नूतनीकरण ३० व्या दिवशी व्हायला हवं, त्यामुळे २१ चा इशारा आला तर काहीतरी अडलंय हे नक्की आणि दुरुस्तीला तीन आठवडे हातात असतात. स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर ठेवली तर सर्व्हर बंद पडल्यावर तीही गप्प बसते, म्हणून बाहेर.

रिसेलरकडचं जुनं खातं अखेर आमच्या नावावर झालं, तेव्हा त्यात आपोआप नूतनीकरणाचं पेमेंट चालू होतं, ते बंद केलं. डोमेनच्या खात्यावर आता कंपनीचा ईमेल आणि दोन जणांचे मोबाइल आहेत. स्कॅनरची मागणी मंजूर झाली आहे, यंत्र अजून यायचं आहे.